साथी आणि शत्रू : लढाऊ वैमानिकांच्या जगातील सोबत आणि करुणा

२७ मे १९९९. कारगिलच्या संघर्षात भारतीय हवाई दलाने उडी घेतली त्याला जेमतेम एक दिवस झाला होता. ‘ऑपरेशन सफेद सागर’ या नावाने ही मोहीम पुढे ओळखली गेली. त्या दिवशी बटालिक क्षेत्रातील शत्रूच्या ठाण्यांवर रॉकेटांचा मारा करत असताना फ्लाइट लेफ्टनंट के. नचिकेता यांच्या मिग-२७ विमानाचे इंजिन बंद पडले. विरळ हवेत ते पुन्हा सुरू होईना. अखेर विमान सोडून हवाई छत्रीने खाली उतरण्यावाचून त्यांच्यापुढे पर्याय उरला नाही.

त्याच परिसरात मिग-२१ घेऊन स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा उडत होते. शत्रूच्या ठाण्यांची छायाचित्रे घेणे हे त्यांचे त्या दिवशीचे काम. खालच्या डोंगरांत खांद्यावरून डागता येणारी विमानवेधी क्षेपणास्त्रे आहेत, याची त्यांना पूर्ण कल्पना होती. तेथून तत्काळ निघून जाणे शहाणपणाचे होते आणि त्याबद्दल कोणी त्यांना दोषही दिला नसता. पण आपला सहकारी नेमका कोठे उतरला हे कळल्याखेरीज त्याच्या सुटकेसाठी कोणालाच काही करता येणार नव्हते. आहुजा थांबले. नचिकेता यांचा ठावठिकाणा शोधत असतानाच त्यांच्या विमानावर क्षेपणास्त्र आदळले. त्यांनीही विमान सोडले. पण ते जिवंत परतले नाहीत. त्यांच्या शवविच्छेदनात गोळ्यांच्या जखमा आढळल्या आणि जमिनीवर उतरल्यानंतर त्यांना ठार मारण्यात आले, असा निष्कर्ष भारताने काढला. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत घडलेला हा अधिकारी तेव्हा ३६ वर्षांचा होता. त्यांना मरणोत्तर वीरचक्र देण्यात आले.

एकाच दिवसाच्या या घटनेत लढाऊ वैमानिकांच्या जगातील दोन गोष्टी समोर येतात. एक म्हणजे साथीदाराला एकटे न सोडण्याची वृत्ती. दुसरी म्हणजे पाडावानंतर शत्रूच्या हाती सापडलेल्या वैमानिकाचे काय करायचे, हा प्रश्न. पहिली गोष्ट शिकवली जाते, घोटवली जाते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र बहुतेक वेळा एका माणसाला, एका क्षणात आणि स्वतःच्या जबाबदारीवर द्यावे लागते.

जोडीचा नियम

लढाऊ विमानात वैमानिक बहुधा एकटाच असतो. तरी तो एकटा लढत नाही. याचे कारण भावनिक नाही, ते अगदी व्यावहारिक आहे. विमानाच्या मागची बाजू हा वैमानिकाचा आंधळा कोपरा असतो आणि हवाई युद्धात मृत्यू बहुधा तेथूनच येतो. आपल्या पाठीमागे पाहणारे डोळे दुसऱ्या कोणाचे तरी असावे लागतात.

पहिल्या महायुद्धात जर्मन वैमानिक ओस्वाल्ड बोल्के याने १९१६ मध्ये हवाई लढाईचे काही मोजके नियम घालून दिले. सूर्य पाठीशी ठेवून, शक्यतो मागून हल्ला करावा, असे सांगणाऱ्या या नियमांत सरदारी दिलदारीला फारशी जागा नव्हती. पण गटाने लढावे आणि एकाच शत्रूवर अनेकांनी तुटून पडू नये, ही शिस्तही त्यांतच होती. बोल्केने ४० विमाने पाडली. त्याचा स्वतःचा मृत्यू मात्र २८ ऑक्टोबर १९१६ रोजी झाला, तो शत्रूच्या गोळीने नव्हे. चकमकीच्या धुमश्चक्रीत त्याचाच मित्र एर्विन ब्योमे याच्या विमानाचा त्याच्या विमानाला धक्का लागला. तेव्हा ब्रिटिश वैमानिकांनी जर्मन हद्दीत शिरून त्याच्यासाठी पुष्पचक्र टाकले. पुढे १९१८ मध्ये त्याचा शिष्य मानफ्रेड फॉन रिश्टहोफेन पडला, तेव्हा ऑस्ट्रेलियन तुकडीने फ्रान्समधील बेर्तांगल येथे त्याचा लष्करी इतमामाने दफनविधी केला.

स्पेनच्या यादवी युद्धात व्हेर्नर म्योल्डर्स या जर्मन वैमानिकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दोन विमानांची जोडी आणि अशा दोन जोड्यांची चौकडी ही रचना पक्की केली. हाताच्या चार बोटांच्या टोकांसारखी दिसणारी ही रचना पुढे जगभरच्या हवाई दलांनी उचलली. जोडीतला एक म्होरक्या, दुसरा त्याचा ‘विंगमन’. म्होरक्या लक्ष्यावर नजर ठेवतो आणि विंगमन म्होरक्यावर. दोघांपैकी एक जण गाफील राहिला तर दुसऱ्याचा जीव जातो, इतका हा हिशेब सरळ असतो.

या हिशेबातूनच पुढचा विश्वास उभा राहतो. उड्डाणानंतर होणाऱ्या ‘डीब्रीफिंग’मध्ये प्रत्येक चूक सर्वांसमक्ष मांडली जाते. हुद्द्याने मोठा असलेला अधिकारीही त्यातून सुटत नाही. बाहेरच्या माणसाला ही चिकित्सा कठोर वाटेल. पण ज्याच्या भरवशावर उद्या पाठ फिरवायची, त्याच्याशी आज लपवाछपवी करून चालत नाही. वैमानिकांच्या मैत्रीत जी थट्टामस्करी, जी सलगी दिसते, तिच्या मुळाशी हा रोखठोकपणा असतो.

बर्फात उतरलेला जोडीदार

जोडीचा हा नियम कोठवर ताणला जाऊ शकतो, याचे एक उदाहरण कोरियन युद्धात घडले. ४ डिसेंबर १९५० रोजी अमेरिकी नौदलाच्या ‘लेटी’ या विमानवाहू नौकेवरून कोर्सेअर विमानांची एक तुकडी चोसिन जलाशयाच्या परिसरात निघाली. तुकडीत एन्साइन जेसी ब्राऊन होता. अमेरिकी नौदलाने प्रशिक्षण देऊन वैमानिक केलेला तो पहिला कृष्णवर्णीय. त्याच्यासोबत लेफ्टनंट थॉमस हडनर होता, सुखवस्तू श्वेतवर्णीय कुटुंबातला.

जमिनीवरच्या गोळीबाराने ब्राऊनच्या विमानाचे इंधन गळू लागले आणि ते शत्रूच्या प्रदेशात, बर्फाच्छादित डोंगरउतारावर कोसळले. ब्राऊन जिवंत होता. पण चेपलेल्या विमानात त्याचा पाय अडकला होता आणि पुढच्या भागातून धूर येत होता. वरून घिरट्या घालणाऱ्या हडनरने आपले धडधाकट विमान चाके न उघडता मुद्दाम त्याच्या शेजारी बर्फावर आदळवून उतरवले. गोठणबिंदूच्या कितीतरी खालच्या थंडीत तो हातांनी बर्फ उचलून धुरावर टाकत राहिला. हेलिकॉप्टर आल्यावर त्याच्या वैमानिकाने आणि हडनरने मिळून कुऱ्हाडीने विमानाचा पत्रा तोडण्याचा प्रयत्न केला. त्यांना यश आले नाही. अंधार पडू लागला तेव्हा ब्राऊनला तेथेच सोडून दोघांना परतावे लागले.

एक विमान वाया घालवले आणि माणूस तर वाचला नाहीच, असा हिशेब कोणी मांडू शकला असता. अमेरिकेने मात्र १९५१ मध्ये हडनरला ‘मेडल ऑफ ऑनर’ हा आपला सर्वोच्च लष्करी सन्मान दिला. सैन्यातून वर्णभेद हद्दपार करण्याचा आदेश निघून तेव्हा तीन वर्षेही झाली नव्हती, हेही येथे लक्षात घ्यावे लागते. २०१३ मध्ये, वयाच्या ८८व्या वर्षी, हडनर ब्राऊनचे अवशेष शोधण्याच्या आशेने उत्तर कोरियात जाऊन आला. ते सापडले नाहीत. २०१७ मध्ये त्याचे निधन झाले.

आहुजा आणि हडनर यांच्यात जवळजवळ अर्ध्या शतकाचे अंतर आहे. दोघांनीही साथीदारासाठी स्वतःचा जीव पणाला लावला. पण दोघांचाही साथीदार ‘आपला’ होता. समोरचा शत्रू असेल तर?

ब्रेमेनच्या आकाशातील सलाम

२० डिसेंबर १९४३ रोजी जर्मनीतील ब्रेमेन शहराजवळच्या विमान कारखान्यावर अमेरिकी बॉम्बफेकी विमानांनी हल्ला केला. त्यातल्या एका बी-१७ विमानाचा कप्तान चार्ली ब्राऊन हा २१ वर्षांचा तरुण होता. विमानभेदी तोफा आणि जर्मन लढाऊ विमाने यांच्या माऱ्यात त्याच्या विमानाची चाळण झाली. शेपटीकडचा तोफची मरण पावला, इतर अनेक जण जखमी झाले, बहुतेक मशीनगन थंडीने गोठून निकामी झाल्या. आपल्या ताफ्यापासून तुटलेले ते विमान कसेबसे, कमी उंचीवरून समुद्राच्या दिशेने सरकत होते.

ते एका जर्मन धावपट्टीजवळून गेले. इंधन आणि दारूगोळा भरून घेण्यासाठी उतरलेला फ्रान्झ श्टीग्लर तेथून मेसरश्मिट १०९ घेऊन झेपावला. अनुभवी वैमानिक होता तो. बॉम्बफेकी विमान पाडणाऱ्याला जर्मन हवाई दलात मोठा मान मिळे. श्टीग्लर मागून जवळ गेला. पण शेपटीकडून गोळीबार झाला नाही. अधिक जवळ गेल्यावर फाटलेल्या पत्र्यांतून त्याला आतली माणसे दिसली. जखमींना सावरण्यासाठी धडपडणारी माणसे.

श्टीग्लर उत्तर आफ्रिकेत असताना त्याचा वरिष्ठ गुस्ताव र्‍योडेल याने त्याला बजावले होते, की हवाई छत्रीने उतरणाऱ्या वैमानिकावर गोळी झाडणाऱ्याची आपण गय करणार नाही. स्वतःचा बचाव करू न शकणारे हे विमान म्हणजे हवाई छत्रीला लटकलेला माणूसच, असे श्टीग्लरला वाटले. त्याने गोळी झाडली नाही. बी-१७च्या शेजारून तो उडत राहिला. आपल्याच बाजूच्या तोफांनी त्या विमानावर मारा करू नये म्हणून किनारा ओलांडेपर्यंत त्याने साथ दिली, मग सलाम केला आणि तो परत फिरला. ब्राऊनचे विमान उत्तर समुद्र ओलांडून इंग्लंडला पोहोचले.

या घटनेची पुढची बाजू अधिक विचार करायला लावणारी आहे. श्टीग्लरने आपल्या वरिष्ठांना काहीही सांगितले नाही. शत्रूचे विमान जाऊ दिल्याबद्दल त्याच्यावर लष्करी खटला चालून मृत्युदंडही होऊ शकला असता. ब्राऊनने परतल्यावर अहवाल दिला. तेव्हा ही गोष्ट कोठे बोलू नये, अशी त्यालाच ताकीद मिळाली. जर्मन वैमानिकाबद्दल सहानुभूती निर्माण होणे युद्धकाळात परवडणारे नव्हते. दोन्ही बाजूंना ही करुणा अडचणीचीच होती. ब्राऊनने अनेक वर्षांनी त्या जर्मनाचा शोध सुरू केला आणि १९९० मध्ये, कॅनडात स्थायिक झालेल्या श्टीग्लरशी त्याची भेट झाली. त्यानंतरची त्यांची मैत्री अखेरपर्यंत टिकली. दोघेही २००८ मध्ये, काही महिन्यांच्या अंतराने वारले.

एक प्रश्न येथे टाळता येत नाही. वाचलेले ते बॉम्बफेकी विमान आणि त्यातले वैमानिक पुन्हा जर्मन शहरांवर बॉम्ब टाकायला गेले नसते कशावरून? श्टीग्लरच्या देशबांधवांनी त्याला हा प्रश्न विचारला असता, तर त्याच्याकडे लष्करी भाषेतले उत्तर नव्हते. करुणेची किंमत बहुधा दुसऱ्या कोणीतरी मोजण्याची शक्यता असते. म्हणूनच तिला केवळ गोड गोष्ट समजणे बरोबर नाही.

कायदा काय सांगतो?

हवाई छत्रीने उतरणाऱ्या वैमानिकांवर गोळ्या झाडण्याचे प्रकार दुसऱ्या महायुद्धात अनेक आघाड्यांवर घडले. त्यामागे एक तर्कही होता. आज वाचलेला वैमानिक उद्या नवे विमान घेऊन येईल. विमान पुन्हा बांधता येते, वैमानिक घडवायला वर्षे लागतात. या तर्काला उत्तर देण्याचा प्रयत्न १९२३ मध्ये हेग येथे तयार झालेल्या हवाई युद्धाच्या नियमांत झाला होता; पण तो मसुदा बंधनकारक झालाच नाही.

अखेर १९७७ मध्ये जिनिव्हा करारांना जोडलेल्या पहिल्या पुरवणी मसुद्याच्या ४२व्या कलमाने ही बाब स्पष्ट केली. संकटात सापडलेल्या विमानातून छत्रीने उतरणाऱ्या व्यक्तीवर ती हवेत असताना हल्ला करता येणार नाही. ती शत्रूच्या प्रदेशात उतरली, तर तिला आधी शरण येण्याची संधी दिली पाहिजे. हल्ला करण्यासाठी विमानातून उतरणाऱ्या छत्रीधारी सैनिकांना मात्र हे संरक्षण नाही. भारत आणि पाकिस्तान हे दोन्ही देश या पुरवणी कराराचे पक्षकार नाहीत. १९४९च्या जिनिव्हा करारांनी मात्र दोघेही बांधलेले आहेत आणि शरण आलेल्या किंवा जखमी शत्रूला मारता येत नाही, हे त्या करारांचे मूळ सूत्र आहे.

म्हणजे श्टीग्लरला १९४३ मध्ये जे उमगले, ते कायद्याच्या पुस्तकात यायला आणखी ३४ वर्षे लागली. आणि पुस्तकात आल्यानंतरही डोंगराळ मुलखातल्या एकाकी उतारावर ते पाळले जाईलच, याची हमी कोणी देऊ शकत नाही.

रावळपिंडीची छावणी

आपल्या उपखंडात या विषयाला एक वेगळी छटा आहे. भारत आणि पाकिस्तान यांची हवाई दले एकाच ब्रिटिशकालीन हवाई दलातून निघाली. मेसमधले रिवाज, हुद्द्यांची नावे, थट्टेची भाषा यांत दोघांचे बरेच काही समान राहिले.

१९७१च्या युद्धात पाडाव झालेले १२ भारतीय वैमानिक रावळपिंडीच्या छावणीत होते. फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर त्यांच्यापैकी एक. १० डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे सुखोई-७ विमान पाडले गेले होते. युद्ध संपून महिने लोटले तरी सुटकेचे चिन्ह दिसेना, तेव्हा परुळकर यांनी पलायनाचा बेत आखला. खोलीची भिंत आतून हळूहळू पोखरण्यात आली. बाकीचे कैदी पहारा देत, आवाज झाकत, सामान जमवत. जाणारे तिघेच होते. पण पलायन साऱ्यांचे होते. मागे राहणाऱ्यांना शिक्षा भोगावी लागेल हे सर्वांनाच ठाऊक होते.

१२ ऑगस्ट १९७२च्या रात्री परुळकर, मलविंदर सिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी बाहेर पडले. पेशावरमार्गे अफगाण सीमेकडे जाताना ते लंडी कोटलपर्यंत पोहोचले. सीमा काही मैलांवर होती. जुन्या नकाशावर भरवसा ठेवून त्यांनी ‘लंडी खाना’ या रेल्वेस्थानकाची चौकशी केली आणि तेथेच फसले. ते स्थानक १९३२ मध्येच बंद झाले होते. स्थानिकांना संशय आला आणि तिघांना तहसीलदारापुढे उभे करण्यात आले.

टोळीवाल्यांच्या त्या मुलखात तिघांचा जीव खरोखरच धोक्यात होता. आपण पाकिस्तानी हवाई दलाचेच कर्मचारी आहोत, असे ते सांगत राहिले. मग परुळकर यांनी एक धाडस केले. हवाई दलप्रमुखांच्या एडीसींना दूरध्वनी लावून द्यावा, अशी विनंती त्यांनी केली. हे एडीसी म्हणजे स्क्वाड्रन लीडर उस्मान हमीद. रावळपिंडीच्या छावणीचे ते आधीचे प्रमुख होते आणि त्यांची माणुसकी कैद्यांनी अनुभवली होती. दूरध्वनीवर आवाज ओळखताच हमीद यांना सारा प्रकार उमगला. ही आपलीच माणसे आहेत, त्यांना मारहाण न करता सुरक्षित ठेवा, असे त्यांनी तहसीलदाराला सांगितले. पळालेले कैदी परत हाती आले हे खरे. पण ते जिवंत हाती आले, ते या एका वाक्यामुळे. पुढे तिघांनी एकांतवासाची शिक्षा भोगली. १ डिसेंबर १९७२ रोजी हे वैमानिक वाघा सीमेवरून मायदेशी परतले. ग्रुप कॅप्टन म्हणून निवृत्त झालेल्या परुळकर यांचे ऑगस्ट २०२५ मध्ये निधन झाले.

नचिकेता यांच्या वाट्याला काय आले? जमिनीवर पकडले गेल्यावर सैनिकांनी आपल्याला मारहाण केली आणि एका वरिष्ठ अधिकाऱ्याने येऊन ती थांबवली, असे त्यांनी नंतर मुलाखतींत सांगितले. पाकिस्तानी हवाई दलातील अधिकारी कैसर तुफैल यांनी कैदेत त्यांची भेट घेतली. दोन वैमानिकांमध्ये होतात तशा गप्पा झाल्या, उड्डाणाच्या आणि घरच्या, असे तुफैल यांनी नंतर सांगितले आहे. आठवड्याभरात, ३ जून १९९९ रोजी नचिकेता यांना रेड क्रॉसच्या स्वाधीन करण्यात आले. विमान सोडताना झालेल्या पाठीच्या दुखापतीमुळे ते पुन्हा लढाऊ विमानांकडे वळू शकले नाहीत. पुढे त्यांनी हवाई दलाची मालवाहू विमाने चालवली.

आहुजा यांच्या १७ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे तेव्हाचे प्रमुख विंग कमांडर बी. एस. धनोआ पुढे हवाई दलप्रमुख झाले. २७ मे २०१९ रोजी, त्या घटनेला २० वर्षे झाली तेव्हा, त्यांनी भटिंड्याजवळील भिसियाना तळावर स्वतः मिग-२१ चालवत एका खास संचलनाचे नेतृत्व केले. या रचनेत विमानांच्या मांडणीत एक जागा मुद्दाम रिकामी राहते. ती न परतलेल्या साथीदाराची जागा. २०२५च्या सप्टेंबरमध्ये मिग-२१ विमाने भारतीय हवाई दलातून निवृत्त झाली.

४६ वर्षांनंतरचे पत्र

१९ सप्टेंबर १९६५ रोजी गुजरातचे मुख्यमंत्री बलवंतराय मेहता यांना घेऊन एक छोटे बीचक्राफ्ट विमान कच्छच्या सीमेकडे निघाले होते. पाकिस्तानी हवाई दलातील तरुण वैमानिक कैस हुसेन याला ते पाडण्याचा आदेश मिळाला. विमानाने पंख हलवून दयेची खूण केली. हुसेनने नियंत्रण कक्षाला ती कळवलीही. आदेश बदलला नाही. विमान पाडले गेले आणि मुख्यमंत्री, त्यांच्या पत्नी आणि वैमानिक जहांगीर इंजिनिअर यांच्यासह त्यातील आठही जण मृत्युमुखी पडले.

२०११ मध्ये हुसेन यांनी जहांगीर इंजिनिअर यांच्या कन्या फरीदा सिंग यांचा पत्ता मिळवला आणि त्यांना ईमेल पाठवून शोक व्यक्त केला. आपण आदेशाचे पालन केले, हे त्यांनी नाकारले नाही. पण गेलेल्या निष्पाप जिवांबद्दलचे दुःख त्यांनी मोकळेपणाने लिहिले. फरीदा सिंग यांनी उत्तर दिले. आपल्या मनात कटुता नाही, युद्धाच्या गोंधळात माणसे प्याद्यांसारखी हलवली जातात, अशा आशयाचे ते उत्तर होते.

श्टीग्लरने गोळी झाडली नाही आणि हुसेन यांनी झाडली. तरी दोघांनाही समोरच्या विमानातली माणसे आयुष्यभर विसरता आली नाहीत. लढाऊ विमानांचा वेग वाढला, क्षेपणास्त्रे आता नजरेपलीकडच्या लक्ष्यावर डागली जातात आणि शत्रूचे विमान पडद्यावरचा एक ठिपका होऊन बसले आहे. जोडीचा नियम या बदलांतही टिकून आहे, कारण त्याची गरज संपलेली नाही. ठिपक्याच्या जागी माणूस पाहणे मात्र पूर्वीपेक्षा अवघड झाले आहे आणि ते आजही ज्याचे त्यालाच ठरवावे लागते.